फुली घातलेला बेहडा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. अक्षरही वाईट आहे. आयुष्यात मी जास्तीत जास्त लिहिलं ते झाडांच्या खोडांवर, डांबरात बुडवलेल्या काथ्याच्या कुंच्याने. तिथे अक्षर मोठं आणि जाड लागतं, ते वहीच्या ओळीत मावत नाही. दिवाळीच्या अंकांत लोक आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. डॉक्टर लिहितात, पोस्टातले लिहितात, एकदा एका वजनमापवाल्याचंही वाचलं. सूनबाई ते अंक आणते आणि मी दुपारी खिडकीशी बसून सावकाश वाचते. माझ्या कामाचं कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही. ट्रंकेत राहील.

मी कुपात झाडांना खुणा घालायचं काम केलं. कूप म्हणजे तोडीसाठी ठरवलेला रानाचा तुकडा. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. तेव्हा तिथली बरीचशी रानं मालकीची होती. महाडचे ठेकेदार येऊन मालकाकडून उभं रान विकत घेत, दिवाळीनंतर तोड सुरू करीत आणि वैशाखापर्यंत रान रिकामं करीत. सरळ लाकूड महाडच्या वखारीत जाई, बाकीच्याचा भट्टी लावून कोळसा होई.

तोडीच्या आधी एकाने पुढे जाऊन प्रत्येक झाडावर खूण करायची आणि ती वहीत उतरवायची. चांगल्या सरळ झाडाला आकडा, ते इमारतीचं. वाकड्याला गोल, ते भट्टीचं. आतून पोकळ असेल त्याला फुली. आकड्याचे पैसे मालकाला जास्त, गोलाचे कमी, आणि फुलीचे काहीच नाहीत. फुलीचं झाड ठेकेदाराला फुकट. म्हणून त्या एका कुंच्याकडे दोन्ही बाजूंचे डोळे असत. संध्याकाळी वहीच्या पानाखाली मालकाचा अंगठा आणि शेटची, म्हणजे आमच्या ठेकेदाराची, सही होई. त्यानंतर खूण बदलायची नाही, खरवडायची नाही. तसं झालं तर मालक आणि ठेकेदार कोर्टापर्यंत जात.

आमच्या शेटचा आधीचा लिहिणारा खुणा घालताना मालकाकडून कोंबड्या घेतो असं निघालं, म्हणून त्याला काढलं. शेट वाडीत विचारत आले की आकडे लिहिता येणारं कोणी आहे का. पुरुष सगळे मुंबईला. माझे यजमानही गोदीत होते. शाळेत गेलेली मी एकटी होते. सासूबाईंनी मला दारामागून पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "हिला येतं. बोलायला तेवढं सांगू नका."

शेट म्हणाले, बोलायचं कामच नाही, झाडाशी कोण बोलतं. ते मला फार बरं वाटलं. रोज चौदा आणे ठरले.

झाड पोकळ आहे की भरीव हे कसं ओळखायचं ते सांगते. कोयता उलटा धरायचा आणि त्याच्या पाठीने खोडावर तीन ठोके द्यायचे, कमरेजवळ एक, छातीजवळ एक, हात पुरेल तिथे एक. मग कान सालीला लावायचा. भरीव झाडाचा आवाज आखूड असतो, ठोका दिला तिथेच संपतो. पोकळ झाडाचा आवाज आत जातो, वर चढतो आणि थोडा उशिराने येतो. दोन आठवड्यांत माझा कान तयार झाला. बढाई मारायची सवय नाही, पण माझी फुली कधी खोटी ठरली नाही. एका मालकाने आपल्या पोकळ आंब्याच्या ढोलीत वरून ओला चिखल भरून ठेवला होता, म्हणजे आवाज भरीव यावा. मी ठोके दिले तर खालून घराच्या भिंतीसारखा आवाज आणि वरून पोकळ झाडासारखा. तो मालक बाजूलाच उभा होता आणि मोठा माणूस होता. मला तोंडाने काही सांगता येईना. मी फुली घातली आणि पुढच्या झाडाकडे जवळजवळ पळतच गेले. मागून तो म्हणाला, "हिला कोणी चिखल खायला घाला रे." सगळे हसले. पण संध्याकाळी त्याने अंगठा दिला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझं कामाचं दुसरं वर्ष होतं. आणे जाऊन नवे पैसे आले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पौष महिना होता. घाटाखालच्या कुपात मी सकाळी एकटी पुढे जाई, तोडणारे अजून दूर असत. त्या दिवसांत धुकं वरून उतरतं आणि भट्ट्यांचा धूर खालून चढतो, मधे कुठेतरी दोघे एकमेकांत मिसळतात. चार पावलांवरचं झाड दिसत नाही, मग एकदम ते समोर उभं असतं. अशा वेळी मी कामावर आहे की झोपेत आहे ते कळत नसे. मी एका किंजळीच्या खोडावर तीन ठोके दिले. कान लावला. भरीव होती. आणि लांबून कोणीतरी उलट ठोके दिले.

तीन नव्हेत, पुष्कळ, भराभर, एकातून एक निघणारे. मला वाटलं दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस आमच्या कुपात शिरला. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर. मी थांबले की ते थांबे. त्या दिवशी मी भीतीने अर्ध्यातून परत आले आणि कोणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका झाडाला दोनदा ठोकलं, खरं तर गरज नव्हती. आणि धुक्यातून तो आला.

कावळ्याएवढा, किंबहुना थोडा लांबच. काळाभोर. पोट पांढरं, उडाला तेव्हा कमरेवरही पांढरं दिसलं. डोक्यावर लाल तुरा, ओल्या कुंकवासारखा. तो समोरच्या खोडावर उभा चिकटला, शेपटी खाली टेकवून, तिपाईवर बसल्यासारखा, आणि मान मागे घेऊन माझ्याकडे एका डोळ्याने बघू लागला. डोळा फिका होता. मी कोयता तसाच धरून उभी राहिले. मग त्याने सालीचा एक लांब तुकडा चोचीने उचकटला, तो खाली पडला, आणि तो गेला. मी तो सालीचा तुकडा उचलून कमरेला खोचला. का ते माहीत नाही.

आमच्या कुपात भट्टी लावणारी जानकी होती, कातकरवाडीची. तिला मी दुपारी विचारलं, कारण तिच्याशी मला बोलता येई. ती विस्तवाकडेच बघत म्हणाली, "सुतार तो. मोटा सुतार. माज्या आज्याच्या वक्ताला लय होते, आता नाय दिसत. मी खाल्लाय बारकी असताना."

"कसा लागतो गो?"

"मुंग्यांचा वास येतो. नको खाऊस."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी त्यांचं घर पाहिलं. दोघं होते. एक वाळक्या शेंड्याच्या बेहड्याच्या खोडात, चार पुरुष उंचीवर, एक भोक होतं, गोल नव्हे, उभट. त्यातून लाल तुरा बाहेर आला, इकडे तिकडे वळला, आणि पक्षी निघाला. लगेच दुसरा येऊन आत गेला. झाडाच्या बुंध्याशी लाकडाचे ताजे पांढरे ढलपे पडले होते. मला आनंद झाला तो खोडाच्या खालच्या अंगाला नजर जाईपर्यंत. तिथे डांबराची फुली होती. माझीच. महिन्यापूर्वी मी त्या झाडाला ठोके दिले होते, आवाज वर चढला होता, मी फुली घातली, वहीत लिहिली, पान भरलं, अंगठा झाला, सही झाली. ते ढलपे तेव्हाही पायाखाली आले असतील. मी वर पाहिलंच नव्हतं. आमच्या कामात कान लावताना डोळे मिटायची सवय लागते.

फुलीची झाडं आधी पाडतात. पोकळ झाड कुठे कलेल सांगता येत नाही, म्हणून बाकीची तोड सुरू होण्याआधी ती काढून टाकायची. शिमग्याला सगळे तोडणारे घरी जात. त्याच्या आत फुल्या संपवायच्या असा शेटचा नेम होता.

याच सुमाराला मास्तर आले. मुंबईच्या कुठल्याशा शाळेत शिकवत असत. किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. लोकांना वाटलं जंगलखात्याचे साहेब आले, म्हणून दोघांनी आपले कोयते पाचोळ्यात लपवले. मास्तरांनी सगळ्यांना विचारलं की मोठा काळा सुतार कोणी पाहिलाय का. तेवढ्यात जानकी म्हणाली, "हिला इचारा. ही रोज त्याच्यासंगं ठोकाठोकी करते."

मी पदर ओढून झाडामागे झाले. मास्तरांना ते समजलं असावं. ते माझ्याकडे पाठ करून एका बुंध्यावर बसले आणि समोरच्या रानाला विचारावं तसं विचारू लागले. तसं विचारलं की मला उत्तर देता येत होतं.

साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मी म्हटलं, कावळ्याएवढा. मोठ्या चोचीचा धनेश नव्हे ना? मी म्हटलं, धनेश मला माहीत आहे, हा खोडाला चिकटतो. पाठ सोनेरी होती का? त्यांचं म्हणणं, सोनेरी पाठीचा सुतार सगळीकडे असतो आणि लोक त्यालाच मोठा म्हणतात. मी म्हटलं, पाठीवर सोनं नाही, काळाच. शेवटी त्यांनी विचारलं, "उडतो कसा? झोके घेत, वर-खाली, वर-खाली?"

मी झाडामागून हात बाहेर काढला आणि तो सरळ नेऊन दाखवला, सावकाश, कावळा जातो तसा.

त्यांची पेन्सिल थांबली. मग म्हणाले, "बारा वर्षं मी या घाटात येतोय. सगळे म्हणतात, इथे आता तो नाही."

मी त्यांना बेहड्याकडे नेलं. लांबून, दोन झाडांच्या मधून, आम्ही बसलो. तासभर काही झालं नाही. पान पडलं तरी मोठा आवाज वाटे. मग लांबून त्याची हाक आली, तीक्ष्ण, लांबट, आणि तो येऊन भोकाच्या कडेला चिकटला. मास्तरांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती काढेचनात. त्यांचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने त्यांनी दुर्बीण माझ्याकडे सरकवली, माझ्याकडे न बघता. मी डोळ्याला लावली तेव्हा आधी सगळं पाण्यात बुडल्यासारखं होतं. त्यांनी चाक फिरवायला सांगितलं. मी फिरवलं, आणि तो पक्षी माझ्या मांडीवर येऊन बसावा इतका जवळ आला. तुऱ्याचं एकेक पीस सुटं दिसत होतं. चोचीच्या टोकाला लाकडाचा भुसा होता. मला वाटलं, आपण इथे नाही, आपण त्या खोडावर आहोत, आणि खाली कोणी बाई बसली आहे.

मास्तरांनी मला नर-मादी ओळखायला शिकवलं. नराचं लाल कपाळापासून मागे जातं आणि गालावरही लाल पट्टा असतो, मिशीसारखा. मादीचं लाल फक्त मागच्या अंगाला. त्यांना दोन दिवसांनी मुंबईला परतायचं होतं. जाताना ते म्हणाले की शिमग्यानंतर मी पुन्हा येईन, तोवर तुम्ही नोंद ठेवाल का? नर आत गेला की उभी रेघ, मादी गेली की आडवी. मी मान हलवली आणि त्यांनी दिलेली छोटी कोरी वही कमरेला खोचली. रेघा काढायच्या तर त्यात माझा हात बसलेला होता.

निघताना त्यांनी खोडाकडे बोट दाखवलं. "ही फुली कसली?"

मी म्हटलं, "आमची खूण."

तेवढंच म्हटलं. तेव्हाच सगळं सांगितलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं. पण ते इतके खूश होते, आणि ती फुली माझ्या हातची होती.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी थोडा वेळ आणि दुपारची भाकरी खाताना थोडा वेळ मी रेघा काढू लागले. माघ सरत आला तसा आतून बारीक किरकिर ऐकू येऊ लागली, सुकलेलं पान बोटांत चुरावं तशी. रेघा वाढल्या. पिल्लं झाली होती. मास्तरांनी सांगितलं होतं की आवाज आल्यापासून साधारण चार आठवडे धरा. मी बोटांवर मोजलं. शिमगा तीन आठवड्यांवर होता, आणि कुऱ्हाडी त्या फुलीपासून दोन दिवसांवर.

शेट शनिवारी मजुरी वाटायला येत आणि मांडवात खाटेवर वही घेऊन बसत. सगळे पैसे घेऊन गेले तरी मी उभी राहिले. त्यांनी दोनदा विचारलं काय हवं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, जमिनीकडे बघून. बेहडा राहू द्या. त्यात घरटं आहे.

शेटना वाटलं मधाचं पोळं आहे आणि मी ते लपवते आहे. मग वाटलं मालकाने मला काही दिलंय. मी मान हलवत राहिले. ते वाईट माणूस नव्हते, पण धंद्याचे माणूस होते. वही माझ्यासमोर उघडून त्यांनी ते पान दाखवलं.

"बाई, हे अक्षर तुझं. फुलीचे मी मालकाला पैसे दिले नाहीत. आता झाड पाडलं नाही तर तो म्हणेल, फुली खोटी होती, झाड चांगलं होतं म्हणून राखून ठेवलंय, टाका पैसे. एका झाडाने तो सगळ्या फुल्या मोजायला लावील. तुझा कान खोटा ठरेल आणि मी चोर. चालेल?"

मी म्हटलं, "नाय."

"मग एकच वाट आहे. विकत घे. वहीत विक्री लागली की मालकाला बोलायला तोंड नाही. भट्टीच्या भावाने घे, कोळशाची पंधरा पोती निघतील. पंचेचाळीस रुपये."

त्यांना वाटलं मी आता जाईन. जे झाड त्यांना फुकट पडलं होतं ते ते मला पंचेचाळीस रुपयांना सांगत होते, आणि हे दोघांनाही माहीत होतं. माझे पन्नास दिवसांचे कष्ट त्यात गेले असते.

"रोजातून चार-चार आणे कापा," मी म्हटलं.

शेटनी चष्मा काढला. मग पुन्हा घातला आणि लिहिलं, मोठ्याने म्हणत लिहिलं, मागे माझ्यासाठी थांबलेली जानकी ऐकेल असं. "एक बेहडा. पोकळ. उभा. येमनाबाईंस विकला." मला तोवर कोणी कागदावर बाई म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून कुपात माझं नाव बेहडेवाली पडलं. काही म्हणाले हिला झाडाने धरलंय. आमच्याकडे बेहड्याखाली कोणी बसत नाही, वाईट समजतात, त्यामुळे ते म्हणणंही लोकांना पटलं. एकाने विचारलं, "गो बेहडेवाली, दारं-खिडक्या कधी बसवतेस?" मी हसले. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते घरी. सासूबाईंनी पैसे मोजले आणि कमी का म्हणून विचारलं. मी सांगितलं, शेटने सगळ्यांचा रोज कमी केला. त्या शेटला शिव्या देत राहिल्या आणि मी चुलीत फुंकर घालत राहिले. हे खोटं मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं औषध महिनाभर उशिरा आलं. आज ते सगळ्यात जास्त टोचतं.

मग फुल्या संपून मोठी तोड सुरू झाली. झाडं पडताना आधी वर एक सुस्कारा येतो, मग जमीन हलते. बेहड्याच्या चारी बाजूंनी रान उघडत गेलं, आणि जिथे सदा हिरवा अंधार असे तिथे ऊन येऊन बसलं. पहिल्या दिवशी वहीत फक्त दोन रेघा पडल्या, दोन्ही उभ्या. मादी आलीच नाही. आत पिल्लं ओरडत होती, आधी जोरात, मग हळू. मी जानकीला म्हटलं, उद्या ती गप्प झाली तर? जानकीने भट्टीवर माती ओढली आणि म्हणाली, "तू वहीत बघू नको. वर बघ."

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा गेले. अर्धा रोज कापला जाईल हे ठाऊक होतं. उन्हात बसले. डोळ्यांपुढे धूर, राख, तुटलेले बुंधे, आणि मधे तो एकटा बेहडा, पाण्यात उभा असल्यासारखा हलणारा. कधी डोळा लागला ते कळलं नाही. हाकेने जाग आली. मादी भोकाशी चिकटली होती, आणि आतून दोन चोची बाहेर आल्या होत्या. आडवी रेघ मी वहीत न बघता, वरच बघत काढली, ती तिरकी गेली. त्या दिवशी अकरा रेघा झाल्या.

मास्तर शिमग्यानंतर चौथ्या दिवशी आले. एक पिल्लू आदल्या दिवशीच उडालं होतं. दुसरं भोकातून अर्धं बाहेर येऊन बसलं होतं, आणि नर समोरच्या बुंध्यावरून त्याला हाका मारत होता, पण खायला देत नव्हता. दुपारी ते निघालं. पडल्यासारखं खाली आलं, मग पंख सापडले, आणि उघड्या उतारावरून घाटाच्या अंगाला, उरलेल्या रानाकडे गेलं. मागून दोघं.

मास्तरांनी माझी वही घेतली आणि रेघा मोजल्या. तिरक्या रेघेपाशी थांबून विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं, आडवीच आहे ती, मादीची. त्यांनी तसं बारीक अक्षरात बाजूला लिहिलं. मग सगळीकडे पाहिलं, तुटलेल्या रानातलं ते एकच उभं झाड पाहिलं. म्हणाले, "तुमचे शेट मोठ्या मनाचे दिसतात."

मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा जाणूनबुजून गप्प बसले. ते पैसे देऊ लागले असते, आणि मग ते झाड त्यांचं झालं असतं.

महिन्याभराने शेटनी खिशातून एक कार्ड काढलं आणि मला वाचून दाखवलं. मास्तरांनी मुंबईहून त्यांचे आभार मानले होते. आपल्यासारखे व्यापारी असतील तर रानं टिकतील, असं लिहिलं होतं. वाचताना शेटचा आवाज बारीक झाला. कार्ड त्यांनी वहीत ठेवलं आणि त्या शनिवारीही माझे चार-चार आणे कापले. हिशेब तो हिशेब.

पुढच्या दिवाळीनंतर मी बेहड्याकडे गेले तेव्हा भोक रिकामं होतं. कडेची साल सुकून आत वळली होती. उतारावर करवंदीच्या जाळ्या आल्या होत्या, मोठं झाड दुसरं नव्हतं. त्यांनी तिथे पुन्हा घर केलं नाही. मी झाड राखलं, रान राखलं नाही, आणि त्यांना एक झाड पुरत नाही. तरीही ते संपूर्ण वर्ष, आणि त्याच्या पुढचंही थोडं, माझ्या रोजातून रिकाम्या झाडाचे चार आणे जात राहिले. जानकी म्हणाली, शेटला सांग ना आता, पक्षी गेले, झाड घे परत. मी तिला म्हटलं, मी पक्षी विकत घेतले नव्हते. असं काही सुचेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणून आठवतं.

मधेच नवे पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस झाले, ते सोपं होतं. बाकीचा घोळ फार झाला. बाजारात सगळ्यांनाच वाटे आपण फसलो.

शेवटचा हप्ता द्यायला मी महाडला वखारीत गेले. कूप त्या वर्षी दुसरीकडे होता आणि मी तिथे आकडे घालत होते. शेट लाकडाच्या रासांमधे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी जुनी वही काढली, ती उघडली तसं कार्ड खाली पडलं. त्यांनीच उचललं, फुंकर मारून पुसलं. मग बराच वेळ वहीत बघत राहिले. अर्ध्या रोजाच्या दिवशी फक्त दोन आणे कापले गेले होते, त्यामुळे शेवटी दोन आणे उरले होते.

"राहू दे ते, येमनाबाई," ते म्हणाले. "सोडले मी. या कार्डाचे समज."

मी म्हटलं, "नाय. कार्ड तुमचं. झाड माझं."

ते हसले नाहीत. म्हणाले, बरं, दोन आण्यांचे सरकारी हिशेबाने बारा नवे पैसे. मी घरून मोजून आणले होते. बारा होतात, पण खरं तर साडेबारा होतात, हे मी खोडांवर आकडे घालणारी बाई, मला कळत होतं. मी तेरा ठेवले, एकेक करून, वहीवर.

"हा एक जास्त आहे."

"असू दे. अर्धा कमी नको."

शेटनी टाक शाईत बुडवला. माझ्या नावाखालच्या ओळीत त्यांनी लिहिलं, आणि या वेळी मोठ्याने म्हटलं नाही, वही माझ्याकडे फिरवली, मी वाचावं म्हणून. मी वाचलं. एक बेहडा, पोकळ, उभा. रक्कम पुरती पोचली. खाली त्यांनी सही केली. मग टाक माझ्या हातात दिला, आणि अंगठ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं.